व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि कायदा: शनिवारच्या बैठकीत फिरून फिरून येणारे प्रश्न

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या मंडळाची एक खोली आहे, तिथे मी शनिवारी संध्याकाळी बसतो. दिवसाचा धंदा जिल्हा न्यायालयातल्या वकिलीचा. हे बसणे फुकटचे. पूर्वी लोक मृत्युपत्र, भाडेकरू, शेजाऱ्याने वाढवलेली गॅलरी असले विषय घेऊन यायचे. आता बहुतेक जण खिशातून फोन काढून पुढे धरतात आणि म्हणतात, "हे बघा हो काय आलंय." प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले.

सरकार आमचे व्हॉट्सॲपचे मेसेज वाचते का? तिसरी टिक लाल झाली की पोलीस येतात म्हणे.

टिक लाल होत नाही. दोन निळ्यांच्या पुढे तिथे काही बनवलेलेच नाही. हा मेसेज कित्येक वर्षे फिरतो आहे, फक्त पाठवणारे काका दर वेळी वेगळे.

२०१६ पासून व्हॉट्सॲपवर संदेशाला तुमच्या फोनमध्येच कुलूप लागते आणि ते समोरच्याच्या फोनमध्येच उघडते. मधे कंपनीच्या हाती पडते ती बंद पेटी. त्यामुळे पोलिसांनी पत्र लिहून "यांचे बोलणे द्या" म्हटले, तरी द्यायला कंपनीकडे बोलणे नसतेच. खाते कधी उघडले, शेवटचे कधी वापरले, कुठल्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), असा तपशील मिळतो. तपासात तोही पुष्कळ कामाचा असतो.

मग पेपरात छापून येतात त्या चॅट कुठून निघतात? जवळजवळ नेहमीच फोनमधून. जप्त केलेला फोन उघडला की सगळे वाचता येते. तुम्ही पुसलेले समोरच्याच्या फोनमध्ये असते. ग्रुपमध्ये २०० जण असतील तर २०० प्रती असतात, त्यातला एक जण रुसला की पुरे. शिवाय क्लाउडवरच्या बॅकअपला वेगळे कुलूप लावावे लागते, ते पुष्कळांनी लावलेलेच नसते.

हे नीट ध्यानात घ्या, कारण खालची निम्मी उत्तरे यातूनच निघतात. सरकारचा हात संदेशाच्या आत सहसा पोचत नाही. तो पोचतो नंबरापर्यंत, सिमकार्डापर्यंत, बँक खात्यापर्यंत आणि कंपनीच्या भारतातल्या ऑफिसापर्यंत. सगळे नियम या चार दारांशी बांधलेले आहेत.

पण अफवा पहिल्यांदा कोणी सोडली हे कंपनीने सांगितलेच पाहिजे, असा नियम आहे ना?

आहे. २५ फेब्रुवारी २०२१ ला माहिती तंत्रज्ञानाचे मध्यस्थांसाठीचे नियम आले, त्यातला चौथा नियम. देशात ५० लाखांहून जास्त नोंदलेले वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने, न्यायालयाने किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली सक्षम अधिकाऱ्याने हुकूम दिल्यास, संदेशाचा 'पहिला पाठवणारा' ओळखून द्यावा. हुकूम वाटेल त्या कारणाने निघत नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक शांतता, बलात्कार, मुलांचे लैंगिक शोषण, असे ठरावीक गंभीर गुन्हे हवेत. कमी त्रासाचा दुसरा मार्ग असेल तर हा वापरायचा नाही, असेही नियमातच लिहिले आहे. मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला माणूस पहिला धरायचा.

ही मागणी २०१८ च्या उन्हाळ्यातून आली. मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲप अफवांनी देशभर जमाव माणसे मारत सुटले होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना गावकऱ्यांनी ठेचून मारले. धुळ्याहून इंदुरात नातीगोती असलेली घरे पुष्कळ. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात कोणी दुसरे बोलत नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली.

'पहिला पाठवणारा' मात्र अडकला. व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की एक माणूस शोधता यावा म्हणून सगळ्यांच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी मान्य केलेला खाजगीपणाचा हक्क त्यात मोडतो. एप्रिल २०२४ मध्ये तर कंपनीच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले की एन्क्रिप्शन, म्हणजे वर सांगितलेले कुलूप, तोडायला लावले तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल.

माझे मत विचाराल तर, राईनपाड्यात अफवा सोडणाऱ्याचा नंबर मिळाला असता तरी ती पाच माणसे वाचली नसती. फॉरवर्डवरचा चाप जास्त उपयोगी पडला. मंडळातल्या काही जणांना हे पटत नाही, आणि त्यांचेही अगदीच चुकते असे नाही.

गुन्हे यांच्या ॲपवर होतात, मग कंपनीच्याच मालकाला का धरत नाहीत?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे ७९ वे कलम. पोस्टमनला पत्रातल्या धमकीबद्दल शिक्षा होत नाही, तसे. पण पोस्टमनने नियम पाळले पाहिजेत. बेकायदा मजकुराची रीतसर सूचना मिळूनही कंपनीने तो काढला नाही, तर हे कवच गळून पडते. 'रीतसर' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना. हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात लावून दिला.

मोठ्या कंपन्यांना भारतात राहणारे तीन अधिकारी नेमावे लागतात: एक नियमपालनाला जबाबदार, एक पोलिसांशी चोवीस तास बोलणारा आणि एक तुमच्याआमच्या तक्रारी घेणारा. दर महिन्याला अहवालही छापावा लागतो. तक्रार अधिकाऱ्याने टोलवाटोलवी केली तर ३० दिवसांत अपील समितीकडे जाता येते. अशा तीन समित्या केंद्राने २०२३ च्या सुरुवातीला नेमल्या. अर्ज ऑनलाइन, वकिलाची गरज नाही. हे मी वकील असून सांगतो आहे.

"हे काढा" असे कंपनीला सांगण्यासाठी गृह मंत्रालयाचे 'सहयोग' पोर्टल ऑक्टोबर २०२४ पासून चालते. एक्स (पूर्वीचे ट्विटर) कंपनीने त्याला आव्हान दिले, ते सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळले. पुढच्याच महिन्यात नियम थोडा आवळला: पोलिसांकडून अशी सूचना द्यायची तर उपमहानिरीक्षक (डीआयजी) किंवा त्याहून वरचा, खास नेमलेला अधिकारी हवा, आणि कारण लेखी हवे. म्हणजे ठाण्याचे टीआय साहेब (ठाण्याचे प्रमुख निरीक्षक) स्वतः पोस्ट उतरवायचा हुकूम कंपनीला देऊ शकत नाहीत. पुष्कळ लोक त्यांच्याकडे तेवढ्यासाठीच चकरा मारतात.

टेलिग्रामवर तर उघड सट्टा, पेपरफुटी, सगळे चालते. तिथे कायदा लागत नाही?

लागतो. उलट तिथे तांत्रिक सबब कमी. टेलिग्रामच्या साध्या चॅट आणि चॅनेल कंपनीच्या सर्व्हरवर असतात. दोघांपुरते कुलूप फक्त 'सिक्रेट चॅट'ला. म्हणजे तिथे प्रश्न 'येत नाही'चा नव्हता, 'देत नाही'चा होता. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका कोचिंगच्या कॉपीराइट खटल्यात खडसावल्यावर कंपनीने चॅनेल चालवणाऱ्यांचे नंबर आणि आयपी पत्ते दिलेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीचे प्रमुख पावेल दुरोव यांना पॅरिसजवळच्या विमानतळावर अटक झाली. फ्रेंच तपास यंत्रणेचा आरोप असा की ॲपवर चालणारे गुन्हे रोखायला आणि माहिती द्यायला ते सहकार्य करत नाहीत. पुढच्याच महिन्यात टेलिग्रामने धोरण बदलले: कायदेशीर मागणी आली तर गुन्हेगारांचा आयपी पत्ता आणि फोन नंबर देऊ. एका माणसाला विमानातून उतरवल्यावर जे झाले, ते अनेक देशांच्या पत्रांनी झाले नव्हते.

सट्ट्याचे म्हणाल तर, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ चालवणे हाच गुन्हा ठरला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. त्यांची जाहिरात करणाराही सुटत नाही. "मी फक्त लिंक टाकली" हा बचाव घेऊन येणाऱ्या पोरांना मी आधीच सांगतो, लिंक टाकणे म्हणजेच जाहिरात.

मी ग्रुपचा ॲडमिन आहे. कोणी वाईट टाकले तर मला आत टाकतील?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले की सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही, दोघांचा आधीपासून बेत होता हे दाखवावे लागेल. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तेच म्हटले. टाकण्याआधी मजकूर गाळायची सोय ॲडमिनच्या हातात नसतेच.

पण इंदुरात सणासुदीला, निवडणुकीला, कुठे ताण वाढला की नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) १६३ व्या कलमाखाली (जुने १४४) मनाई आदेश निघतो, आणि त्यात सोशल मीडियावरच्या भडक मजकुराचा उल्लेख हमखास असतो. तो मोडला तर न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) २२३ व्या कलमाची कारवाई होते. त्या दिवसांत ग्रुप 'फक्त ॲडमिन पाठवू शकतील' असा करून ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्री आमच्या मंडळाचा ग्रुप मी तसाच करतो. दोन काका रागावतात, सकाळी पोह्यांच्या गाड्यावर विसरतात.

पोस्टवरून ६६ए लावू, असे मला सांगितले गेले.

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते कलम वरच्याच श्रेया सिंघल निकालाने २०१५ मध्ये रद्द झाले. सांगणाऱ्याला तारीख सांगा. आवाज न चढवता.

'डिजिटल अरेस्ट' खरेच असते का?

नसते. पण माणसे त्यात खरोखर अडकतात, म्हणून यावर जरा थांबतो.

लोकमान्यनगरातले एक निवृत्त मास्तर, माझ्या वडिलांचे स्नेही. दुपारी सून घरी आली तर बैठकीचे दार आतून लावलेले. खिडकीतून पाहिले तर आजोबा खुर्चीत ताठ बसलेले, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला, टीव्ही मुका. स्क्रीनवर वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभ. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, केस गंभीर आहे, चौकशी होईपर्यंत कॅमेऱ्यापुढून उठायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही. आजोबा चार तास लघवीलाही विचारून जात होते. सुनेने खिडकीतून हाका मारल्या तर हाताने "गप्प" अशी खूण केली. शेवटी तिने मीटरचा मुख्य खटका पाडला, वायफाय गेले, फोनमध्ये डेटा पॅक नव्हता, आणि आजोबा सुटले. वर्दीवरच्या नावाच्या पाटीत 'निरीक्षक' चुकीचे लिहिलेले होते, हे त्यांना तेव्हाच दिसले होते म्हणे. चाळीस वर्षे वह्या तपासलेला माणूस. "दिसलं, पण बोलायची छाती झाली नाही."

कायदा असा आहे. अटक अंगाला हात लावून किंवा माणूस स्वाधीन झाल्यावर होते, आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. व्हिडिओ कॉलवर अटक कुठल्याही संहितेत नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५) पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. न्यायालयाचे समन्स मात्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते. आले तर त्यावर न्यायालयाचा शिक्का आणि खटल्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक ई-कोर्ट्सच्या साइटवर तपासा. समन्स कधीही पैसे मागत नाही.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये या फसवणुकीची एक ध्वनिफीतच ऐकवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. एवढे वर का गेले? एका शहराच्या पोलिसांच्या आवाक्यातले हे नाहीच. फोन करणारा पुष्कळदा कंबोडिया किंवा म्यानमारच्या सीमेवरच्या आवारात बसलेला असतो, आणि तोही कधी कधी नोकरीच्या आमिषाने फसून तिथे कोंडलेला भारतीय पोरगा असतो. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानाने अशा शेकडो जणांना परत आणले. आजोबांना दरडावणारा आवाज हिंदीतच होता आणि "बीच बीच में रोने जैसा" होता, असे सूनबाई सांगत होत्या. ते मी विसरू शकलेलो नाही.

पैसे गेले. आता पहिले काय?

१९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मुलाला, जावयाला, मला फोन करण्याच्या आधी १९३०. पैसे पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फुटतात, आणि शेवटी कोणीतरी एटीएममधून काढते. ते वाटेत असताना बँकेला अडवता आले तर रक्कम 'होल्ड' होते. सगळी धावपळ त्यासाठी.

हाताशी ठेवा: कुठल्या खात्यातून गेले, किती, किती वाजता आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा तो १२ आकडी असतो, बँकेच्या एसएमएसमध्ये सापडतो. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा. पोच क्रमांक वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नाही.

चॅट पुसू नका. लाजेने लोक पहिले तेच करतात. नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका. चॅट एक्स्पोर्ट करा आणि फोन तसाच जपा. साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि फॉरमॅट मारलेल्या फोनचे प्रमाणपत्र कोण देणार?

होल्ड झालेली रक्कम आपोआप घरी येत नाही. न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या ५०३ व्या कलमाखाली अर्ज करता येतो. वेळ लागतो, पण मिळते. पूर्ण मिळेलच असे सांगणारा वकील भेटला तर फी आधी देऊ नका.

मी काही केले नाही, तरी माझे खाते होल्ड झाले!

दोन प्रकारचे लोक हे सांगत येतात.

पहिला खरा बिचारा. सराफ्यातला दुकानदार किंवा मोबाइल रिपेअरवाला. गिऱ्हाइकाने क्यूआरवर दिलेले ८०० रुपये चार खाती फिरून आलेले चोरीचे निघाले, आणि बँकेने पूर्ण खातेच गोठवले. बँकेकडून लेखी विचारा: कुठल्या राज्याच्या पोलिसांनी, कुठल्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी? मग बिल जोडून त्या तपास अधिकाऱ्याला मेल करा, आणि वादातली रक्कम अडवून बाकी खाते मोकळे करायची मागणी करा. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला बँकेने दोन महिने "वरून आहे" एवढेच सांगितले. वरून म्हणजे कुठून, हे लेखी मागितल्यावर तिसऱ्या दिवशी कळले.

दुसरा प्रकार भंवरकुआँच्या कोचिंगच्या गल्ल्यांतला. वीस वर्षांचा मुलगा, टेलिग्रामवर कोणीतरी म्हणाले, "खाते दे, एटीएम आणि सिम दे, महिन्याला कमिशन." खाते भाड्याने गेले. पुढे त्या खात्यातून लाखो रुपये सरकले आणि दुसऱ्याच राज्याचे पोलीस दारात. याला पोलीस 'म्यूल' खाते म्हणतात. मुलगा म्हणतो, मला माहीत नव्हते. पण कमिशन घेतले होते ना? फसवणुकीचे कलम ३१८ सात वर्षांपर्यंत जाते. न्याय संहितेच्या १११ व्या कलमात संघटित गुन्ह्यांच्या यादीत सायबर गुन्हेही आहेत. परदेशात बसलेला सूत्रधार सापडत नाही. ज्याच्या पासबुकावर नाव आणि फोटो आहे तो सापडतो. आईबाप गहिवरून विचारतात, याच्यासारख्या लहानालाच का धरतात? वर चार दारे सांगितली, त्यातले हे एकच दार इंदुरात आहे, म्हणून.

सिम काढले की व्हॉट्सॲप बंद होणार, हे काय?

२८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टै वगैरे ॲपना निर्देश दिला की ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे, आणि संगणकावरचे वेब-सत्र सहा तासांनी बंद व्हावे. त्यासाठी ९० दिवस दिले होते. कारण उघड आहे: भारतीय सिमवर खाते उघडायचे, सिम इथेच फेकायचे आणि ॲप परदेशात बसून चालवायचे, ही ठगांची चाल. नंबर आपला दिसतो म्हणून आपण उचलतो.

त्रास कोणाला? परदेशी गेलेल्या मुलांना, जी तिकडचे सिम घालून इकडचा नंबर चालवतात. आणि दिवसभर काउंटरवरच्या संगणकावर ऑर्डर घेणाऱ्या दुकानदारांना. त्यांची कुरकुर रास्त आहे. ठग नवे सिम आणेल, शर्मा मिठाईवाला सहा तासांनी क्यूआर शोधत बसेल, असे आमच्या बैठकीत कोणीसे म्हणाले. पण या निर्देशाने ठगाला दर वेळी भारतातले चालू सिम हाताशी ठेवावे लागेल, आणि सिमला मालक असतो.

तेवढ्यासाठी एक काम आजच करा. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते. आमच्या एका काकूंच्या नावावर पाच निघाले, वापरतात एक. मर्यादा नऊची आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ती ओलांडली तर पहिल्यांदा ५०,००० पर्यंत आणि पुन्हा केल्यास दोन लाखांपर्यंत दंड आहे. दुसऱ्याच्या नावाने फसवून सिम काढणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड. आपले नसलेले नंबर तिथूनच कळवता येतात. पैसे नाही गेले पण संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला, तर तो कळवायला त्याच ठिकाणी 'चक्षु' ही सोय आहे.

लग्नपत्रिका उघडली आणि फोन वेडा झाला.

पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, आणि ते तुमचे ओटीपी वाचायला आले आहे. डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. ज्यांच्या नंबरवरून आले त्यांनाही फोन करून सांगा. त्यांचा फोन आधीच गेलेला असतो. मेसेज करून उपयोग नाही, तो ठगच वाचेल.

मुलीचे फोटो व्हायरल करीन अशी धमकी येते आहे. पोलिसांना सांगावे की नाही?

सांगावे, आणि धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की दर आठवड्याला मागतात.

उघडेनागडे किंवा बनावट जोडलेले फोटो असतील तर त्या व्यक्तीच्या तक्रारीवर कंपनीने ते लवकर उतरवावेत, असा नियम आहे. २०२१ च्या नियमाने ही मुदत २४ तासांची घातली. ही एकच तक्रार अशी की तिला ना न्यायालयाचा आदेश लागतो, ना पोलिसांचा. वर सांगितलेल्या सायबरक्राइमच्या पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. खंडणीचे कलम ३०८, खाजगीपणाचे ६६ई, अश्लील मजकुराची ६७ आणि ६७ए, सगळी लागू शकतात.

मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लागतो आणि एक गोष्ट फार जपायची: तो फोटो 'पुरावा' म्हणून मामाला, शिक्षकांना, मला पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले की मुलांचे असे साहित्य जवळ ठेवणे हाही गुन्हा ठरू शकतो. फोन घेऊन थेट पोलिसांकडे जा. आणि त्या रात्री मुलीला "तू फोन घेतलाच कशाला" हे विचारू नका. वर्षभराने विचारा.

ठाण्यात घेतच नाहीत. म्हणतात सायबरला जा. सायबरवाले म्हणतात ठाण्यात जा.

हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या मावशीचे व्हॉट्सॲप सहा आकडी कोड देऊन बसल्यामुळे हातचे गेले, आणि तिच्या नावाने भिशीच्या बायकांकडे पैसे मागितले गेले. तीन दिवस मी एका ठाण्याच्या बाकावर बसलो. वकील असून. चौथ्या दिवशी 'आवेदन' घेतले, पावती दिली. आवेदन म्हणजे एफआयआर नव्हे. मध्य प्रदेशात हा शब्द जपून ऐका.

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ म्हणते की दखलपात्र गुन्ह्याची खबर, हद्द कुठलीही असो, घ्यावीच लागेल. तीच झिरो एफआयआर. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते. घेतली नाही तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त पद्धत आहे, म्हणून झोनच्या उपायुक्तांकडे. मंगळवारच्या जनसुनावणीतही नेऊन देता येते. त्यानेही हलले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे, कलम १७५.

आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाचाच अधिकारी करू शकतो. ठाण्यात निरीक्षक मोजके, तक्रारी ढीगभर. नियम दिल्लीत दर वर्षी नवे निघतात; बाकावरची रांग त्यांनी छोटी होत नाही. माझी खरी तक्रार एन्क्रिप्शनशी नाही, या बाकाशी आहे.

सरकार सरळ ॲपच बंद का करत नाही?

कधी कधी करते. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या अतिरेक्यांकडून वापर होतो म्हणून ६९ए कलमाखाली १४ मेसेजिंग ॲप बंद केली. त्यात ब्रायर, थ्रीमा, एलिमेंट होती. अतिरेकी पुढच्या ॲपवर गेले असतील, साध्या वापरणाऱ्यांची गैरसोय झाली. व्हॉट्सॲप तसे बंद करणे म्हणजे भाजीवाल्यापासून न्यायालयाच्या कारकुनापर्यंत सगळ्यांचे दुकान बंद करणे. ते कोणी करणार नाही.

बैठकीला येताना काय आणावे?

तो फोन, ज्यावर प्रकार झाला. पासबुक किंवा तीन महिन्यांचे स्टेटमेंट. पोच क्रमांकाची वही. ओळखपत्राची एक झेरॉक्स. नातवाला आणलेत तर उत्तम, पासवर्ड त्यालाच माहीत असतो. आणि चार्जर आणा. खोलीत प्लग एकच आहे, आणि त्यावर साडेसहा वाजता चहाची केटली लागते.